तांबडी रेघ

प्रदर्शनें पाहण्याची आम्हांस लहानपणापासून हौस आहे. शेतकी प्रदर्शन, चित्रांचें प्रदर्शन, गुलाबांचें प्रदर्शन, फार काय, मांजरांचें प्रदर्शनही आम्हीं तिकीट काढून पाहिलें आहे. परंतु ज्यास तिकीट नाहीं, बँड नाहीं, चहाचें दुकान नाहीं, आणि तरीही ज्याच्या दारांतून बाहेर पडणारा मनुष्य आंत शिरतेवेळच्या मनुष्याहून निराळा दिसतो, असें प्रदर्शन आमच्या पाहण्यांत एकच आलें. तें म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या नकाशांचें.

आमचें गांव ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या टापूंतलें. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. कारण पुढें जी चूक सांगावयाची आहे ती गांवाची नव्हे, तेथील कोणा अधिकाऱ्याचीही नव्हे. ती आमची आहे.

रस्ते रुंद झाले पाहिजेत हें आमचें जुनें मत. या टापूंत राहणाऱ्या मनुष्याचें याहून निराळें मत असूं शकतें असें आम्हांस वाटत नाहीं. कल्याणचा इंग्रजी अमदानींतला पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरांत उतरविला आणि त्याच्या जागीं नवा पूल २०२१ च्या जानेवारींत खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ च्या सप्टेंबरांत बंद झाला तो २०२१ च्या सप्टेंबरांत उघडला. मधल्या काळांत ज्यानें रुळांच्या एका बाजूचा आजारी मनुष्य दुसऱ्या बाजूस नेला असेल, त्याला रस्त्याचें महत्त्व सांगावयास बृहस्पति नको. आमच्या आळीची रुंदी तर अशी कीं, रुग्णवाहिका आंत शिरली म्हणजे तिला मागल्या पावलांनीं बाहेर यावें लागतें. या विषयावर आम्हीं वर्तमानपत्रांस सात पत्रें लिहिलीं. त्यांपैकीं तीन छापून आलीं. 'रुंदीकरणास विरोध करणारे लोक सार्वजनिक हिताच्या आड आपली ओसरी आणतात,' असें एक वाक्य त्यांतल्या एका पत्रांत आहे. तें कात्रण अद्याप आमच्या कपाटांत आहे. वाक्य लिहिल्यावर तें आम्हीं कुटुंबास वाचून दाखविलें होतें, हेंही आठवतें.

तेव्हां आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला असून नकाशे लोकांस पाहण्यासाठीं ठेविले आहेत, अशी जाहिरात वाचतांच आम्ही पहिल्याच दिवशीं गेलों. कायदा असा आहे कीं, १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वयें आराखडा पक्का होण्यापूर्वीं त्याचा मसुदा लोकांपुढें ठेवावा लागतो आणि ठराविक मुदतींत ज्या हरकती व सूचना येतील त्या एका नियोजन समितीस ऐकाव्या लागतात. स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनीं नेमलेले फार तर चार जाणकार, अशी ही समिती. शेवटचा शब्द अर्थात् राज्य सरकारचा. 'हरकती व सूचना' हा जोडशब्द आतां इतका रूढ झाला आहे कीं तो एकच शब्द वाटावा. पण लोक आणतात त्या हरकती. सूचना फारशी कोणी आणीत नाहीं. आम्हीं एक आणली.

दिवाणखान्याएवढ्या त्या खोलींत चारही भिंतींवर शहर टांगलेलें होतें. पिवळे, हिरवे, निळे पट्टे. त्यांतून निघालेल्या तांबड्या रेघा. कोपऱ्यांत टेबलापाशीं एक तरुण कारकून बसला होता आणि त्याच्यापुढें छापील अर्जांची चळत होती. गर्दी पुष्कळ, पण त्या गर्दींत शहर पाहणारा एकही मनुष्य नव्हता. जो तो आपलें घर शोधीत होता. शोधण्याची रीतही सगळ्यांची एकच. प्रथम बोट स्टेशनावर ठेवावयाचें, मग रुळांवरून सरकत फाटकापाशीं यावयाचें, तेथून तळें, तळ्यावरून शाळा, आणि मग बोटाची गति मंद होत होत तें एका जागीं थांबे. थांबल्यावर मनुष्य कांहीं वेळ बोलत नसे. कित्येकांनीं भ्रमणध्वनीवर त्या तेवढ्या जागेचें छायाचित्र घेतलें आणि दोन बोटांनीं तें ताणून ताणून मोठें करून पाहिलें. एक म्हातारी बाई नातवाला सारखी विचारीत होती, 'अरे, पण यांत विहीर कोठें आहे?' विहीर त्या नकाशांत नव्हती. म्हातारीच्या हिशेबानें विहिरीवांचून घर सांपडणें शक्य नव्हतें, आणि नातू म्हणत होता कीं विहीर बुजून वीस वर्षें झालीं.

आम्हांस आमचें घर लवकर सांपडलें, कारण तांबडी रेघच त्यावरून गेली होती.

आमच्याबरोबर शेजारचे एक पेन्शनर ओव्हरसीअर होते. त्यांनीं चष्मा कपाळावर चढविला, नाक नकाशास लावलें, आणि एखाद्या वैद्यानें नाडी सोडावी तसें मागें सरकून म्हणाले, 'नकाशा एकास चार हजार. म्हणजे मिलिमीटरला चार मीटर. ही रेघ ओढणाऱ्याची पेन्सिल जरा बोथट असती, तर तुमचें स्वयंपाकघरही गेलें असतें. नशीबवान आहांत.' हिशेब असा निघाला कीं, सहा मीटरांची आळी अठरा मीटरांची व्हावयाची, आणि वाढलेले बाराही मीटर उत्तरेच्या बाजूस, म्हणजे आमच्या बाजूस, घ्यावयाचे. ओटा, ओसरी, माजघर आणि अंगणांतली बकुळ. बकुळ आमच्या आजोबांनीं लाविलेली आहे.

घरीं आलों. 'अहो, सांपडलें का आपलें घर?' कुटुंबानें विचारलें.

'सांपडलें.'

'मग चेहरा असा कां?'

आम्हीं सांगितलें. ऐकून तिनें एवढेंच म्हटलें, 'रुग्णवाहिका तरी सरळ येईल.' तिच्या बोलण्यांत टोमणा होता कीं नाहीं हें आम्हांस आजतागायत ठरवितां आलेलें नाहीं.

त्या रात्रीं झोंप येईना तेव्हां आम्ही पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताविषयींचें एक जुनें पुस्तक घेऊन बसलों. नगररचनेचें प्रदर्शन ही कल्पना हिंदुस्थानांत आणली ती याच गृहस्थानें. १९१४ सालीं त्याचे नकाशे व चित्रें घेऊन निघालेलें जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेनें हिंदी महासागरांत बुडविलें. तेव्हां विलायतेंतील मित्रांनीं नवी सामग्री गोळा करून पाठविली आणि १९१५ च्या जानेवारींत मद्रासेस प्रदर्शन भरलेंच. पुढें १९१९ सालीं तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. पण त्याचें खरें प्रदर्शन आमच्या मतें भिंतीवर टांगलेलें नव्हे. तें इंदुरास झालें. होळकरांच्या त्या शहरांत प्लेगानें कहर केला होता. गेडिस हातांत नकाशा घेऊन गल्लोगल्ली हिंडूं लागला तेव्हां लोकांनीं त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजावें कीं हाच तो घरें पाडणारा साहेब. ही भीति त्याच्या कानीं आली. त्यानें महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि गांवांत पुकारा केला कीं, यंदा दिवाळीची मिरवणूक हिंदूंच्या नेहमींच्या वाटेनें जाणार नाहीं, मुसलमानांच्याही नाहीं. ज्या रस्त्यावरचे लोक आपापलीं घरें जास्तींत जास्त झाडून, सारवून, डागडुजी करून ठेवतील, त्या रस्त्यानें ती जाईल. मग काय विचारतां! सहा हजार गाड्या केर निघाला असें त्या हकीकतींत सांगतात. मिरवणुकींत प्लेगाचा एक प्रचंड उंदीर होता; रोगराईचा राक्षस होता, तो शेवटीं जाळला. ज्यांस नकाशा म्हणजे संकट वाटत होतें त्यांनीं आपल्या दारांतून तो जातांना पाहिला. १९१८ सालीं गेडिसचा इंदूरचा अहवाल प्रसिद्ध झाला तो या शहरानें त्याला ओळखल्यानंतर.

याच गेडिसचें दुसरें एक मत होतें. जुन्या वस्तींतून पट्टी लावून सरळ रस्ता काढणें हें त्याला रानटीपणाचें वाटे. पडीक जागा असेल तेथें थोडें काढावें, चांगलें घर दिसेल तेथें वळसा घ्यावा, झाड दिसलें तर त्याभोंवतीं चौक करावा. शस्त्रवैद्य हात राखून कापतो तसें शहर कापावें. हें मत शहाणपणाचें आहे यांत संशय नाहीं. आम्हांस तें त्या रात्रीं दोन वाजतां फारच शहाणपणाचें वाटलें. आम्ही उठून बसलों, कागद घेतला आणि एक चांगलें घर व एक झाड वांचविण्यास निघालों. विद्येचा असा उपयोग करावयास फार विद्या लागत नाहीं.

हरकतीचा मसुदा ओव्हरसीअरांनीं तपासला. त्यांचा अशा कामांतला उत्साह दांडगा. 'अर्जानें काय होतें असें म्हणूं नका,' ते म्हणाले, 'मुंबईचें विसरलांत काय?' मुंबईचें आम्ही विसरलों नव्हतों. २०१५ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या आराखड्याचा मसुदा निघाला. कोठें रस्ता उभ्या इमारतींतून गेलेला, कोठें प्रसिद्ध वास्तु नकाशांतून नाहींशी झालेली. पन्नास हजारांवर हरकती आल्या आणि एप्रिलांत सरकारनें तो मसुदा बाजूस ठेवून दुरुस्त करावयास लाविलें. दुसरा मसुदा २०१६ सालीं आला, मंजुरी २०१८ सालीं. ठाण्यासही २०२४ च्या ऑक्टोबरांत सुधारित आराखड्याचा मसुदा लोकांपुढें आला तेव्हां जुन्या गांवठाणांतलीं मंडळी रस्त्यांच्या रेघा आपल्या घरांवरून गेल्या म्हणून उठलीं. बोरिवलीस जाणाऱ्या ११.८ किलोमीटरांच्या जुळ्या बोगद्याविषयीं ठाण्याच्या बाजूचे रहिवासी तक्रार करीत होते, तेही बोगद्यानें वेळ वांचेल हें नाकारीत नव्हते. त्याचें तोंड आपल्या खिडकीखालीं उघडावें कीं नाहीं, एवढाच त्यांचा प्रश्न. दुरून हा प्रश्न क्षुद्र दिसतो. जवळून दुसरा प्रश्नच दिसत नाहीं.

आमच्या अर्जांत तीन कारणें होतीं. पहिलें बकुळ: वृक्षाचें वय, त्याची सावली, त्यावरचे पक्षी. दुसरें, उत्तरेच्या बाजूचें जुनें गटार व पावसाळ्यांतील पाण्याचा निचरा. तिसरें, पक्कीं घरें संपादन करण्याचा सरकारी खर्च. माजघराचा उल्लेख कोठेंही नव्हता. शेवटीं नम्र सूचना: रुंदीकरण उत्तरेऐवजीं दक्षिणेच्या बाजूस घ्यावें, म्हणजे सर्व साधेल. सोबत एक रेखाचित्र. खालीं आळींतल्या एकवीस मंडळींच्या सह्या.

दक्षिणेच्या बाजूस काय आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें, असें येथें लिहिलें तर कोणी आम्हांस खोटें पाडणार नाहीं. पण तें खोटें होईल. आम्हांस ठाऊक होतें. फक्त तें शब्दांत आम्हीं मनाशींही उच्चारलें नव्हतें. दक्षिणेच्या बाजूस पत्र्याच्या छपराचीं पांच दुकानें आहेत, आणि त्यांतल्या तिसऱ्यांत शिंपीमामा बसतात. आमच्या मुंजीचा सदरा त्यांच्या वडिलांनीं शिवला. आमच्या मुलाच्या लग्नाचा कोट त्यांनीं. सह्यांच्या यादींत चवथी सही त्यांची आहे. कागद त्यांच्यापुढें ठेविला तेव्हां ते म्हणाले, 'भाऊसाहेब, तुम्हीं लिहिलें म्हणजे बरोबरच असणार,' आणि बोटांतलें अंगुस्तान काढून सही केली. रेखाचित्र अर्जाच्या मागें टांचलेलें होतें. तें उलटून दाखविण्याचें आमच्याही मनांत आलें नाहीं. किंवा आलें, आणि गिऱ्हाईक आलें म्हणून राहिलें.

सुनावणी आठ महिन्यांनीं झाली. बाहेरच्या व्हरांड्यांत नंबराचे कागद हातांत घेऊन पन्नासएक मंडळी बसलीं होतीं. आम्ही मनांत म्हणत होतों कीं हेंही कांहीं थोडें नव्हे; १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यांत संपादनासच हरकत घेण्याचा हक्क मालकाला १९२३ च्या दुरुस्तीनें मिळाला, तोंपर्यंत त्यानें फक्त किंमतीविषयीं बोलावयाचें. आमच्या आजोबांनीं बकुळ लाविली तेव्हां तिच्याविषयीं तक्रार ऐकणारा कोणी कायद्यांत नव्हता. शिंपीमामा दुकान बंद करून आमच्याबरोबर आले होते. 'माणसें दिसलीं पाहिजेत,' असें ओव्हरसीअरांनीं सर्वांस सांगितलें होतें.

आंत समिती सौजन्यानें वागली. अर्ज वाचलेला होता. त्याच्या कडेला शिसपेनीच्या खुणा होत्या. मध्यें बसलेल्या गृहस्थांनीं विचारलें, 'रस्ता नकोच का आपल्याला?'

'नाहीं, रस्ता हवाच आहे.'

'मग कोठून न्यावयाचा?'

आम्हीं रेखाचित्राकडे बोट केलें.

'या बाजूस काय आहे?'

'कांहीं नाहीं,' आम्ही म्हणालों, 'किरकोळ पत्र्याचीं दुकानें.'

मागें वळून पाहिलें तों शिंपीमामा मान डोलावीत होते. नकाशा समितीच्या बाजूस तोंड करून ठेविलेला होता, आणि आमच्या प्रत्येक वाक्यास ते प्रथमपासून मान डोलावीतच होते. तीन मिनिटांत काम झालें. बाहेर आल्यावर त्यांनीं आम्हांस चहा पाजला. पैसे आम्हांस देऊं दिले नाहींत. 'झाडाचें तर फारच छान बोललांत,' ते म्हणाले.

यानंतर तीन आठवडे आम्ही आळीच्या दुसऱ्या तोंडानें स्टेशनावर जात होतों. तिकडे एका नाल्याच्या कामासाठीं कांहीं झाडें तोडावयाचीं होतीं आणि त्यांच्या खोडांवर नोटिसा चिकटविल्या होत्या. १९७५ च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें तशी नोटीस झाडावर लावावी लागते आणि लोकांस हरकतीसाठीं सात दिवस मिळतात. झाडाला वाचतां येत नाहीं, तरी त्याच्या अंगावर नोटीस असते. शिंपीमामा भाडेकरू. मालमत्तेच्या उताऱ्यावर त्यांचें नांव नाहीं; घरपट्टीच्या बिलावर नाहीं; उद्यां आमची सूचना मान्य झाली तर पत्र येईल तें दुकानाच्या मालकास, आणि तो पुण्यास राहतो. त्यांच्या दुकानाच्या दारास कोणी कांहीं चिकटविणार नव्हतें. जें सांगावयाचें तें कोणीतरी तोंडानें सांगावयास हवें होतें, आणि तें ठाऊक असलेला मनुष्य दुसऱ्या वाटेनें स्टेशनावर जात होता.

शेवटीं एका रविवारीं बाही आंखूड करण्याच्या निमित्तानें एक सदरा घेऊन आम्ही दुकानांत गेलों. सदरा बाजूस ठेविला आणि कापड बेतण्याच्या फळीवर रेखाचित्र पसरलें. काय लिहिलें होतें, काय बोललों होतों, सर्व सांगितलें. 'किरकोळ' हा शब्दही सांगितला.

मामांनीं मशीन थांबविलें. गळ्यांतला टेप काढून त्यांनीं उंबऱ्यापासून मापावयास सुरुवात केली. दोनदां पुरा टाकला. तिसऱ्यांदां थोडा उलगडला तों मागची भिंत आली.

'अकरा फूट,' ते म्हणाले. 'तुमचे बारा मीटर म्हणजे किती फूट?'

'चाळीसएक.'

'म्हणजे मोरीही गेली. मागचीं दोन बिऱ्हाडें पण.' थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, 'आणि अशानें तुमचें झाड वांचतें?'

'वांचतें.'

'ओटा?'

'तोही.'

ते पुनः मशीनावर बसले. हातांतलें काम, कोणा मुलीचा शाळेचा झगा होता, तें पुरें होईपर्यंत बोलले नाहींत. आम्ही गिऱ्हाइकांच्या बांकावर बसून राहिलों. दोन गिऱ्हाइकें येऊन गेलीं. त्यांच्याशीं ते नेहमींसारखेच बोलले. मग दोरा तोडून झगा घडी करतां करतां म्हणाले, 'माझाही अर्ज लिहा आतां. तुमची मराठी बरी आहे.'

आम्हीं तेथेंच फळीवर लिहिला. त्यांत झाड नव्हतें, पक्षी नव्हते, सरकारी खर्चही नव्हता. दक्षिणेच्या बाजूस पांच दुकानें व मागें दोन बिऱ्हाडें आहेत, तिसऱ्या दुकानांत अर्जदार व त्यापूर्वीं त्याचे वडील शिवणकाम करीत आले आहेत, दुकानाची लांबी अकरा फूट आहे, इतकेंच. खालीं आमच्या नांवानें चार ओळी: मागील अर्जांतील सूचना आमची, ती करतांना ही वस्ती आम्हांस माहीत होती, ती सूचना आम्ही मागें घेतों, उत्तरेच्या बाजूस आमच्या घराचा ओटा, ओसरी व माजघर जातें व तें जाऊं नये अशी आमची इच्छा आहे. हें शेवटचें वाक्य लिहितांना हात अडखळला. सात पत्रांत आणि एका अर्जांत तें प्रथमच येत होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे खिडकीपाशीं उभे राहिलों. कारकून तोच, प्रदर्शनांतला. 'मुदत केव्हांच संपली,' तो म्हणाला. मग त्यानें आमच्याकडे पाहिलें, मामांकडे पाहिलें, कागद उलटून पाहिला आणि शिक्का मारला. आराखड्याचें पुढें काय व्हावयाचें तें अद्याप झालेलें नाहीं. आवक नंबर मामांनीं आपल्या मापांच्या वहींत, आमच्या सदऱ्याच्या मापाखालीं, उतरवून घेतला.